सुप्याचा धडा

डिसेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारच्या महसूल खात्याने एक महत्त्वाचा निर्णय केला. पंधरा रुपये भरून संगणकावरून काढलेला डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ आणि फेरफाराचा उतारा यांस सरकारी-निमसरकारी कचेऱ्या, बँका आणि न्यायालये यांच्या कामी कायदेशीर मान्यता मिळाली. त्यावर तलाठ्याच्या सहीशिक्क्याची आता आवश्यकता उरलेली नाही. या निर्णयाचे आम्ही निःशंकपणे स्वागत करतो. ज्या तलाठ्यास सरकारने २०२४ मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे भारदस्त नाव बहाल केले, त्याच्या दप्तराच्या दारात एका उताऱ्यासाठी किती पिढ्यांच्या वहाणा झिजल्या, याचा हिशेब कोणत्याही संगणकास मांडता येणार नाही. तो हेलपाटा चुकत असेल, तर त्यासारखी आनंदाची गोष्ट नाही.

तथापि या आनंदाच्या भरात एक प्रश्न विसरून चालणार नाही. उतारा कायदेशीर झाला. तो विश्वासार्ह झाला काय? कागदास कायदेशीर करणे सरकारच्या हाती आहे. एका शासन निर्णयाने ते काम रात्रीत उरकते. विश्वासाचा मात्र शासन निर्णय काढता येत नाही. सातबारा, पीकपाहणी, कर्जमाफी, पीकविमा, रेशन, दाखले, पेन्शन असे सरकारशी जनतेचे जेवढे म्हणून व्यवहार आहेत, ते एकामागून एक पडद्यावर चालले आहेत. अशा वेळी त्या पडद्यामागे जे लिहिले जाते ते खरे आहे, आणि खोटे असल्यास ते आपल्याला दुरुस्त करून घेता येईल, अशी खात्री सामान्य माणसाच्या मनात आहे किंवा नाही, हाच आजचा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दिल्ली-मुंबईस जाण्याचे कारण नाही. आमच्या पुणे जिल्ह्यातील इंदापूर आणि बारामती हे दोन तालुके त्यास पुरेसे आहेत. कारण जमिनीच्या सरकारी नोंदीची नवी पद्धत ज्या भूमीत प्रथम रुजली ती इंदापूरची, आणि विश्वास उडालेल्या कागदांची होळी जेथे प्रथम पेटली ते सुपे आजच्या बारामती तालुक्यातले. हा इतिहास आजच्या राज्यकर्त्यांनी आणि आजच्या सुशिक्षितांनीही पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावा, असे आम्हांस वाटते.

इंदापूरची मोजणी

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि दख्खनचा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. पुढे दहा वर्षांच्या आत प्रिंगल नावाच्या एका विद्वान अधिकाऱ्याने येथल्या जमिनीची पाहणी हाती घेतली. विलायतेतील अर्थशास्त्राचे ग्रंथ त्याने आत्मसात केलेले होते. जमिनीचे एकंदर उत्पन्न काढावे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करावा आणि राहील त्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा पंचावन्न सरकारने घ्यावेत, असे त्याचे गणित होते. कागदावर ते बिनचूक होते. परंतु त्या गणितात जे आकडे भरायचे ते शिवारातून यायचे होते, आणि शिवारातले आकडे लिहिणारे हात लाचेने बरबटलेले होते. बरड जमीन काळी ठरली, काळी जमीन बरड ठरली. परिणाम असा झाला की, इंदापूर परगण्यात रयतेने शेते टाकून दिली आणि पुष्कळांनी गाव सोडले. शास्त्र अचूक आणि शिवार ओसाड, असा तो देखावा होता.

ही घडी बसविण्यासाठी १८३५ साली गोल्डस्मिड या अधिकाऱ्यास इंदापुरास धाडण्यात आले. लेफ्टनंट विंगेट त्याच्या जोडीस आला. या दोघांनी प्रिंगलचे किचकट गणित बाजूला ठेवले. शेत मोजावे, त्याच्या हद्दीस दगड घालावेत, मातीचा रंग आणि खोली पाहून तिची प्रत ठरवावी आणि एकदा बसविलेला सारा तीस वर्षे हलवू नये, असा सरळ शिरस्ता त्यांनी घातला. १८३६ मध्ये इंदापुरात बसलेली ही पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली. ज्या सर्व्हे नंबरावर आजही शेतकऱ्याचे जीवन टांगलेले असते, त्याचे मूळ येथे आहे.

गोल्डस्मिड-विंगेट हे काही रयतेचे कनवाळू मायबाप नव्हते. सरकारचा वसूल बुडत होता, म्हणून ते आले होते. परंतु त्यांच्या कामातून निघणारे तात्पर्य आजही ताजे आहे. प्रिंगलची पद्धत अधिक शास्त्रीय होती, तरीही ती कोसळली. इंदापूरची पद्धत साधी होती, आणि ती टिकली. आपल्या शेताबद्दल सरकारने काय लिहिले आहे, आपल्याला किती द्यायचे आहे आणि ते किती वर्षे बदलणार नाही, हे अक्षरशत्रू कुणब्यासही बांधावर उभे राहून समजत होते. नोंद समजली की माणूस तिच्याकडे पाठ फिरवीत नाही.

पुढे तीस वर्षांची मुदत सरताच, १८६७ च्या सुमारास, याच इंदापुरात सरकारने साऱ्यात भरघोस वाढ केली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसास आलेला भाव तोवर उतरणीस लागला होता. रयतेची गाऱ्हाणी १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने वेशीवर टांगली आणि १८७४ मध्ये सरकारला या वाढीस मर्यादा घालाव्या लागल्या. परंतु तेवढ्या अवधीत दुसऱ्याच एका कागदाने रयतेचा गळा आवळला होता.

सुप्याची होळी

तो कागद म्हणजे सावकाराचे खत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांवर आणली. ऋणकोच्या सोयीसाठी केलेला हा कायदा ऋणकोच्याच मुळावर आला. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेतले जाई, आणि व्याजावर व्याज चढत जाई. खत लिहिणारा सावकार, हिशेब ठेवणारा सावकार, आणि खाली नांगराची निशाणी करणारा शेतकरी! वर काय लिहिले आहे ते त्यास वाचता येत नव्हते. जे पैसे फेडले त्याची पावती त्याच्याजवळ नव्हती. दावा लागला तर समन्सचा अर्थ कळत नव्हता, आणि कळला तरी तालुक्याच्या कोर्टापर्यंत जाऊन झगडण्याची ऐपत नव्हती. हुकूमनामे एकतर्फी होत. न्यायाधीश अन्यायी होता असे नव्हे. त्याच्यापुढे कागद होता, कागदावर निशाणी होती, आणि कायद्याच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकारावर बहिष्कार पडला. पुढच्या वर्षी १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांतील शेतकरी जमले. त्यांनी सावकारांच्या दुकानांस आणि घरांस वेढा घातला, चोपड्या आणि खते मागून घेतली आणि त्यांची होळी केली. काही ठिकाणी दुकाने लुटली गेली, घरांस आगी लागल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हे लोण पसरले. जाळपोळीचे समर्थन कोणीही सुज्ञ मनुष्य करणार नाही. परंतु जमावाचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता, ही गोष्ट तेव्हाच्या सरकारच्याही ध्यानात आली. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, ज्याची प्रत आपल्या हाती नाही आणि ज्यातील खोटेपणा सिद्ध करण्याची सोय नाही, तो कागद जाळण्यावाचून दुसरा मार्ग त्या शेतकऱ्यांस दिसला नाही.

चौकशीसाठी कमिशन बसले, आणि १८७९ मध्ये पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांसाठी ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ झाला. या कायद्याने तीन गोष्टी केल्या. न्यायाधीशाने केवळ खतावर विसंबू नये, खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, ही पहिली. शेतकऱ्याने फेडलेल्या पैशाची पावती आणि हिशेबाचा उतारा मागताच त्यास मिळाला पाहिजे, ही दुसरी. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर, त्यास वाचून दाखवून आणि समजावून देऊन लिहिला जावा, ही तिसरी. या कायद्याने सारे दुःख सरले असे नाही. कर्ज मिळणे त्यामुळे कठीण झाले, अशी टीका पुढे पुष्कळ झाली. परंतु विश्वास कशाने उत्पन्न होतो, याचे जे उत्तर परक्या सरकारने सुप्याच्या राखेतून शोधले, ते आजही चुकलेले नाही: नोंद वाचून दाखवा, पावती हातात द्या, आणि कागदाच्या मागे जाऊन सत्य पाहण्याची तयारी ठेवा.

आजचा अंगठा

नांगराच्या निशाणीची जागा पुढे अंगठ्याने घेतली, आणि अंगठ्याची जागा आज यंत्रावरील अंगठ्याने घेतली आहे. तेव्हा या दीडशे वर्षांत या तीन कसोट्यांना आपण कितपत उतरलो, हे पाहणे प्राप्त आहे.

२०१७ च्या कर्जमाफीचे उदाहरण घ्या. चौतीस हजार कोटी रुपयांची ती योजना. अपात्र लोक घुसू नयेत म्हणून सरकारने प्रत्येकाकडून ऑनलाइन अर्ज मागविला. हेतू वाईट नव्हता. परंतु प्रत्यक्षात नवरा-बायकोने सेवा केंद्रासमोर रांगेत उभे राहायचे, लांबलचक अर्ज भरायचा, यंत्रावर अंगठा टेकायचा आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे ऐकून परत फिरायचे, असा प्रकार गावोगाव घडला. ऐन दिवाळीत समारंभ करून प्रमाणपत्रे वाटण्यात आली, आणि त्यानंतर याद्यांतले घोळ बाहेर पडले. मुळात देणे-घेणे ज्या बँकांच्या दप्तरात आधीच लिहिलेले होते, ते शेतकऱ्याच्या तोंडून पुन्हा वदवून घेण्याचा हा खटाटोप होता. दोन वर्षांनी दुसऱ्या सरकारने जी कर्जमाफी केली, तिच्यात अर्जाचा हा जाच टाळला. बँकांकडून माहिती घेऊन याद्या फेब्रुवारी २०२० पासून गावात लावण्यात आल्या. शेतकऱ्याने आपले नाव आणि रक्कम पाहावी, मान्य असल्यास आधार क्रमांकाची खूण पटवावी, मान्य नसल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे दाद मागावी, असा शिरस्ता ठेवला. संगणक दोन्ही वेळेस होताच. फरक एवढाच की, दुसऱ्या वेळी यादी भिंतीवर होती आणि ‘हे चूक आहे’ असे म्हणण्यास जागा होती.

ई-पीक पाहणीची कथाही उद्बोधक आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवर आपल्या पिकाचे छायाचित्र घेऊन सातबारावर पेरा नोंदवावा, अशी सोय झाली. आमच्या मते ही गेल्या कित्येक वर्षांतील एक अत्यंत धाडसी सुधारणा होय. कारण तिच्या मुळाशी असलेले तत्त्व असे की, शेतकऱ्याने केलेली नोंद खरी मानावी, आणि तलाठ्याने त्यातील दहा टक्के तेवढ्या तपासाव्यात. रयतेच्या शब्दावर सरकारने प्रथम विश्वास ठेवायचा, ही कल्पनाच आपल्या महसुली परंपरेत नवी! परंतु सुप्याच्या आणि उंडवडीच्या जिराईत पट्ट्यात भर उन्हात शेतात उभा असलेला म्हातारा शेतकरी, हातात मुलाचा मोबाईल, त्यावर रेंज नाही, आणि नोंदणीची मुदत संपत आलेली, हे चित्रही तितकेच खरे आहे. पुढे मदतीसाठी गावोगाव सहायक नेमावे लागले, यातच अडचणीची कबुली आहे.

विश्वासाचा दुरुपयोग कसा होतो, हे पीकविम्याने दाखविले. २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याने एक रुपया भरावा, उरलेला हप्ता सरकारने सोसावा, अशी योजना आली. अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकास दर अर्जामागे चाळीस रुपये मिळत. अर्ज जितके अधिक तितकी कमाई अधिक. मग सरकारी जमिनी, देवस्थाने, मशिदी यांच्याही जागेवर पिके डोलू लागली! शेवटी २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजनाच सरकारने गुंडाळली. गुन्हा कोणाचा आणि शिक्षा कोणास? बोगस अर्ज करणारे मूठभर. हप्ता भरण्याची पाळी आली ती सर्वांवर. सुप्याच्या सावकारापाशी निदान एक चोपडी होती आणि तिच्या धन्याचे नाव गावास ठाऊक होते. येथे अर्ज कोणी भरला, कोणाच्या अंगठ्याने भरला, हेही कित्येकदा सांगता येईना.

आणखी एक उदाहरण देऊन हा पाढा पुरा करतो. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थी स्त्रियांनी आपली ओळख पुन्हा पटवावी, असे सप्टेंबर २०२५ मध्ये ठरले. त्यासाठी पतीच्या अथवा वडिलांच्या आधार क्रमांकावर येणारा ओटीपी मागण्यात आला. ज्या बहिणीचा पतीही हयात नाही आणि वडीलही नाहीत, तिने तो कोणाकडून आणावा? पुढे सरकारने यात दुरुस्ती केली, हे खरे. परंतु अर्जाचा नमुना कायम करण्यापूर्वी इंदापूरच्या एखाद्या वाडीत दहा स्त्रियांस तो भरून पाहावयास दिला असता, तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. लोकसहभाग या शब्दाचा आम्ही करतो तो अर्थ हा. योजना तयार झाल्यावर टाळ्या वाजविण्यासाठी लोकांस बोलावणे म्हणजे सहभाग नव्हे.

चावडीवरचे वाचन

मग आपल्याकडे काहीच चांगले घडले नाही काय? घडले आहे, आणि ते अगदी घरचे आहे. हस्तलिखित सातबारे संगणकात चढविताना असंख्य चुका झाल्या. क्षेत्र बदलले, नावे गळाली, इतर हक्कांतले बोजे भलत्याच खात्यावर गेले. तेव्हा २०१७ च्या उन्हाळ्यात सरकारने गावोगाव ‘चावडी वाचन’ घडवून आणले. गावकऱ्यांस एकत्र बसवून संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा, ज्याची हरकत असेल त्याने ती तेथल्या तेथे सांगायची, आणि दुरुस्ती करायची. २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांची नावे अशीच चावडीवर वाचून वारसांच्या नोंदी घेण्याचे काम झाले. पिढ्यानपिढ्या मेलेल्यांच्या नावे चाललेल्या जमिनींस त्यामुळे जिवंत धनी लाभले.

ह्यात कोणते मोठे तंत्र होते? काही नाही. परंतु १८७९ च्या कायद्यातील ‘वाचून दाखवावे’ हेच तत्त्व येथे संगणकाच्या जोडीस आले. गावात भावकी असते, वैर असते, तसेच साऱ्या गावाचे एकमेकांच्या बांधाचे ज्ञानही असते. चार लोकांत वाचलेली खोटी नोंद सहसा टिकत नाही. बंद खोलीत, एका पासवर्डच्या आड झालेली खोटी नोंद मात्र वर्षानुवर्षे टिकते. महसूल अधिनियमाचे कलम १५५ हे लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी आहे. त्याच्या आडून हक्कच फिरविले गेल्याच्या तक्रारी झाल्या, त्या याच कारणाने. दुःख एवढेच की, चावडी वाचन हे आपल्याकडे मोहिमेपुरते येते आणि मोहिमेबरोबर जाते.

यंत्र चुकत नाही?

कोणी म्हणेल की, माणूस लबाड असतो, म्हणून तर यंत्र आणले. यंत्रास कसला पक्षपात? अशा श्रद्धाळूंनी इंग्लंडमधील पोस्टाची हकीगत वाचावी. तेथील पोस्टात १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली आली. तिच्या हिशेबात तूट दिसली की, शाखा चालविणाऱ्यास चोर ठरविण्यात येई. नऊशेहून अधिक निरपराध माणसांवर गुन्हे शाबीत झाले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येक देशोधडीस लागले. न्यायालये म्हणत, संगणक सांगतो आहे ना! त्या प्रणालीतच दोष होते, हे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले, आणि त्या शिक्षा रद्द करण्यासाठी पार्लमेंटला २०२४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. १८७५ चा न्यायाधीश खतावर विसंबला. विसाव्या-एकविसाव्या शतकातला संगणकावर विसंबला. चूक एकच!

उलट एस्टोनिया या चिमुकल्या देशाकडे पाहा. तेथे बहुतेक सारा सरकारी कारभार संगणकावर चालतो, आणि लोकांस तो आपला वाटतो. तेथील नागरिकास आपली माहिती कोणत्या कचेरीने केव्हा उघडून पाहिली, हे स्वतः पाहता येते. २०१७ मध्ये त्यांच्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये एक दोष आढळला. सरकारने तो दडपला नाही. साडेसात लाखांवर ओळखपत्रांची डिजिटल प्रमाणपत्रे तात्पुरती बंद केली आणि जनतेस कारण सांगितले. चूक कबूल केल्याने त्या सरकारवरचा विश्वास गेला नाही. आपल्याकडे सर्व्हर बंद पडला तर कारण सांगण्याचाही शिरस्ता नाही.

आमच्या मागण्या

म्हणून आम्ही सरकारपुढे चार गोष्टी ठेवतो. चावडी वाचन ही वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेस, कायद्याने बंधनकारक करावी. सातबाऱ्यापुरते ते न ठेवता कर्जमाफी, विमा, नुकसानभरपाई आणि रेशन यांच्या याद्याही तेथे वाचाव्यात. दुसरे, प्रत्येक ऑनलाइन अर्जाची मराठी पावती अर्जदाराच्या हाती पडावी. अर्ज कोणी भरून दिला, तो कोणाच्या टेबलावर आहे आणि नाकारल्यास कारण काय, हे तिच्या आधारे समजले पाहिजे. तिसरे, यंत्राने नाही म्हटले म्हणून कोणाचेही रेशन वा पेन्शन थांबता कामा नये. बीडहून ऊसतोडीसाठी भवानीनगरास किंवा माळेगावास येणाऱ्या मजुराच्या बोटांवरील रेषा कोयत्याने झिजतात. एका कार्डावर देशभर धान्य मिळण्याची सोय आहे. पण अंगठा उमटत नाही म्हणून त्या सोयीचा दरवाजा बंद होणे हा न्याय नव्हे. तेथे माणसाच्या ओळखीवर माणसाने निर्णय घेतला पाहिजे.

चौथी गोष्ट अधिक गंभीर आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने केलेला बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. व्यक्तिगत माहिती नाकारताना सार्वजनिक हिताचा जो विचार कलम ८(१)(जे) मध्येच सांगितलेला होता, तो तेथून गेला. कलम ८(२) चा आधार उरला आहे. परंतु त्यासाठी सामान्य माणसास झगडावे लागेल. शेतकऱ्याचा आधार क्रमांक, बँक खाते, मोबाईल क्रमांक ही माहिती सरकारने जिवापाड जपली पाहिजे. २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाल्याने तर ही जबाबदारी अधिकच वाढली आहे. परंतु सरकारी तिजोरीतून कोणास किती मिळाले, ही यादी भिंतीवरून उतरविण्यास खाजगीपणाची सबब चालणार नाही. रयतेची गुपिते झाका आणि सरकारचे व्यवहार उघडे ठेवा; याच्या उलट होऊ लागले तर आमचा त्यास विरोध राहील.

आमचे काम

परंतु सारा दोष सरकारच्या माथी मारून आम्ही सुशिक्षितांनी हात झटकणे शोभणारे नाही. कोथरूड आणि सहकारनगरात राहणाऱ्या आमच्या कित्येक वाचकांची वडिलोपार्जित जमीन बारामती-इंदापुराकडे आहे. त्यांपैकी किती जणांनी आपला सातबारा गेल्या वर्षात उघडून वाचला? महाभूलेखावर तो विनामूल्य दिसतो. ज्यांस घरबसल्या अर्ज करता येतो, तेच एजंटाच्या हातावर दोनशे रुपये ठेवून मोकळे होतात, आणि मग भ्रष्टाचारावर व्याख्याने देतात. लोकसेवा हक्काचा कायदा आपल्याकडे २०१५ पासून आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर पहिले अपील, दुसरे अपील आणि पुढे आयोग, अशी पायरी आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. अपिले करणाऱ्यांची वाण पडली तर दंडाची तरतूद छापील पुस्तकात पडून राहील. ज्यास वाचता येते त्याने आपल्या गावी जाऊन चावडीवर उभे राहावे, चार शेजाऱ्यांचे उतारे वाचून दाखवावेत, एखाद्या विधवेचे अपील लिहून द्यावे. १८७० नंतर पुण्याच्या सार्वजनिक सभेतील मंडळींनी रयतेची स्थिती गावोगाव तपासून सरकारपुढे मांडली. ते सारे पुण्याचे पांढरपेशेच होते. त्यांच्यापाशी मोबाईल नव्हता.

संगणकातला कागद आज कोणास जाळता येत नाही. म्हणून सुप्यासारखी होळी पुन्हा पेटणार नाही, असे मानून कोणी निश्चिंत राहू नये. ज्या नोंदीवर विश्वास नाही, तिच्याकडे लोक पाठ फिरवतात. मग ते एजंट गाठतात, पुढाऱ्याची चिठ्ठी आणतात, किंवा इंदापूरच्या त्या जुन्या रयतेप्रमाणे आपला हक्कच टाकून देऊन निघून जातात. त्या होळीचा धूर दिसत नाही, एवढेच. सरकारने आपला सातबारा कायदेशीर केला, हे उत्तम झाले. आता तो चावडीवर मोठ्याने वाचावा, आणि आपण सर्वांनी तो ऐकण्यास तेथे हजर राहावे.